वागळे इस्टेट ते डोंबिवली : नवउद्योजकांच्या वाटेची सहा दशके

१ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एक छोटेखानी समारंभ झाला. अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. त्या दिवशी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे ‘एमआयडीसी’ हे नाव मराठीत इतके रुळले की गावोगावी कारखान्यांच्या वसाहतीलाच लोक एमआयडीसी म्हणू लागले. या नावाचा जन्म ठाण्यात झाला, ही गोष्ट मात्र ठाण्यातल्याही फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याआधीची या पट्ट्याची ओळख चाकरीची होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि तेव्हापासून ठाणे, डोंबिवली, कल्याण मुंबईला माणसे पुरवत आले. सकाळची ठरलेली गाडी, कचेरीतली हजेरी, एक तारखेचा पगार आणि शेवटी पेन्शन, हीच इथल्या घरांची घडी होती. कारखाने नव्हते असे नाही. ठाण्यात रेमंडची गिरणी १९२५ पासून होती, अंबरनाथला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना होता, शहाड आणि मोहोन्याला रेयॉन निघत होते. पण ती सारी मोठ्या भांडवलाची कामे होती. घरात व्यापाराची परंपरा नाही, जवळ डिप्लोमा आणि हातातले कसब एवढीच शिदोरी, अशा तरुणाला त्यांच्या फाटकातून आत जायचे तर नोकर म्हणूनच जावे लागे.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले. उद्योग मुंबईत दाटीवाटीने न साचता बाहेर पसरावेत, असा आग्रह बोरकर समितीने धरला होता. त्यानुसार १ ऑक्टोबर १९६० रोजी औद्योगिक विकास मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्ष होते आय.सी.एस. अधिकारी स. गो. बर्वे. मुंबईच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या गटाचे नेतृत्व त्यांनी नुकतेच केले होते, त्यामुळे महानगराचे ओझे कुठे हलवता येईल याचा नकाशा त्यांच्या मनात तयार होता. या मंडळाने कायद्याचा मसुदा केला, विधिमंडळाने तो संमत केला आणि त्यातून महामंडळ उभे राहिले. पहिल्याच वर्षात १४ ठिकाणे औद्योगिक क्षेत्रांसाठी जाहीर झाली. राज्याच्या उभारणीत बर्वे यांचे नाव जेवढे घेतले जायला हवे तेवढे घेतले जात नाही. ठाणे-कल्याणच्या उद्योजकांवर तर त्यांचे ऋण फार मोठे आहे.

महामंडळाने नेमके काय केले, हे समजायला त्या काळच्या नवख्या उद्योजकाची अडचण पाहावी लागते. कारखाना काढायचा तर आधी शेतजमीन शोधायची, सात-बारावरची सगळी नावे राजी करायची, जमीन बिनशेती करून घ्यायची, मग रस्ता, मग विहीर, मग विजेचा खांब. यंत्र घ्यायची वेळ येईपर्यंत भांडवल आणि उमेद दोन्ही संपत. महामंडळाने ही सारी वाट स्वतः चालून ठेवली. जमीन संपादन करून तिचे भूखंड पाडले, रस्ते व गटारे बांधली, पाण्याची वाहिनी दारापर्यंत आणली आणि भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. कर्ज मागायला बँकेत गेलेल्या माणसाकडे आता दाखवायला पत्ता होता. अंबरनाथ, कल्याण आणि डोंबिवली मिळून एकत्रित औद्योगिक प्रकल्प हे महामंडळाच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक. त्यासाठी बदलापूरजवळ बारवी नदीवर महामंडळाने स्वतःचे धरण उभारले. मूळ हेतू कारखान्यांच्या पाण्याचा होता, पण त्याच बारवीचे पाणी आज या परिसरातली लक्षावधी घरेही पितात.

वाट मात्र सरळ नव्हती. १९६४ मध्ये राज्याने उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. तिच्या सवलती अविकसित भागांसाठी होत्या, मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यासाठी नव्हत्या. धोरण म्हणून ते योग्यच होते, कारण मराठवाडा-विदर्भाला हात देणे अगत्याचे होते. तरी त्याची झळ वागळे इस्टेट आणि डोंबिवलीतल्या लहान उद्योजकाला बसली. विक्रीकरात सूट नाही, भांडवली अनुदान नाही, आणि स्पर्धा मात्र सवलत मिळालेल्या कारखान्यांशी. इथले उद्योजक टिकले ते बाजारपेठेच्या जवळिकीवर आणि कारागिरीवर.

त्या टिकण्याचे घर म्हणजे गाळा. अर्ध्यावर ओढलेले लोखंडी शटर, आत एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन, कोपऱ्यात ग्राइंडर, भिंतीवर देवाची तसबीर आणि तिच्याशेजारी खडूने लिहिलेले ऑर्डरचे नग. जमिनीवर कुरळ्या पोलादी भुश्शाचा ढीग, हवेत कटिंग ऑइलचा वास. मालक स्वतःच टर्नर, स्वतःच हिशेबनीस, आणि संध्याकाळी माल पोहोचवणाराही तोच. सुरुवात बहुधा जॉबवर्कने होई. मोठ्या कंपनीचे ड्रॉइंग यायचे, कच्चा माल त्यांचा, मजुरी आपली. ज्या कंपनीत पूर्वी नोकरी केली तिचेच पहिले काम मिळाल्याची उदाहरणे या वसाहतींत पैशाला पासरी सापडतील. वागळे इस्टेटलगतच्या शासकीय आयटीआयमधून बाहेर पडलेला फिटर पाच-सात वर्षे दुसऱ्याच्या गाळ्यात राबून स्वतःचे शटर उचलायचा. त्याच्या हाताखाली शिकलेला हेल्पर पुढे तीच वाट धरायचा. उद्योजकतेचे शिक्षण हा शब्द रूढ होण्याआधीची ही पाठशाळा होती आणि तिने घडवलेल्या माणसांची गणती कुठल्याही नोंदवहीत नाही.

जागेचा प्रश्न सुटला, पण पैशाचा उरला. राज्य वित्तीय महामंडळ होते, लघुउद्योग विकास महामंडळही १९६२ मध्येच स्थापन झाले होते. तरी रोजच्या खेळत्या भांडवलासाठी ओळखीचा, जवळचा दरवाजा हवा होता. तो १९७०च्या दशकात उघडला. १९७० मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक, १९७२ मध्ये ठाणे जनता सहकारी बँक आणि १९७३ मध्ये कल्याण जनता सहकारी बँक सुरू झाली. चार वर्षांत तीन शहरांनी आपापली बँक उभी केली. या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. ज्या चाकरमान्यांनी स्वतः कधी धंद्याचा विचार केला नाही, त्यांच्या पगारातून शिल्लक पडलेल्या ठेवी या बँकांत जमल्या आणि त्यातूनच शेजारच्या मुलाच्या लेथ मशीनचे कर्ज निघाले. नोकरदारांच्या गावानेच आपल्यातला उद्योजक पोसला. जामीनदार म्हणून सही करणाऱ्या त्या काकांचे नाव कोणत्याही उद्घाटनाच्या पाटीवर नसते, पण या वाटचालीत त्यांचा वाटा मोठा आहे.

नवख्याला डोळ्यांसमोर ठेवायला उदाहरणही हवे असते. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळला लहान प्रमाणावर आयुर्वेदिक दंतमंजनाचे काम सुरू केले आणि ते दारोदार जाऊन विकले. त्याच ‘विको’चा कारखाना पुढे डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात उभा राहिला. त्यांचे पुत्र गजानन पेंढरकर यांच्या काळात विको देशभर पोहोचली. पेंढरकरांचे नाव धारण करणारे महाविद्यालय डोंबिवलीत आहे आणि तिथल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यासाठी उद्योजकतेचा पहिला धडा कॉलेजच्या कमानीवरच लिहिलेला आहे.

१९७८ मध्ये देशभर जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. ठाण्याच्या केंद्राने नोंदणीपासून कर्जाच्या शिफारशीपर्यंतची कामे एका छताखाली आणली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांवरचे छत्र डळमळले आणि कायमच्या नोकरीवरचा एका पिढीचा विश्वास तिथेच तुटला. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत येऊन स्थिरावलेल्या कित्येक कुटुंबांनी त्यानंतर शिलाई मशीन, पिठाची गिरणी, रिक्षा, भाजीचा गाळा, जे हाती लागेल ते धरले. प्रशिक्षणाची गरज शासनालाही पटली होती. १९८८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. प्रकल्प अहवाल कसा लिहायचा, बाजार कसा पाहायचा, किंमत कशी काढायची हे शिकवणारे त्याचे वर्ग ठाणे जिल्ह्यातही भरू लागले. ऑक्टोबर १९९३ मध्ये सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधान रोजगार योजना आली. लोकांच्या तोंडी ती ‘पीएमआरवाय’ म्हणूनच राहिली.

पुढची वर्षे कसोटीची होती. डोंबिवलीजवळचा मोटारनिर्मितीचा प्रकल्प १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात थंडावला. २००९च्या सुमारास रेमंडच्या ठाण्यातल्या गिरणीचे यंत्र थांबले. एक मोठा कारखाना बंद पडतो तेव्हा त्याच्यासाठी सुटे भाग घडवणारे गाळेही ओस पडतात, याचा अनुभव या वसाहतींनी पुन्हा पुन्हा घेतला. जमिनीचे भाव चढले, वागळे इस्टेटमध्ये शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि लेथची जागा संगणकांनी घेतली. वीजटंचाईच्या काळात औद्योगिक सुट्टी शुक्रवारी लागली, ती इतकी अंगवळणी पडली की डोंबिवलीच्या गाळेधारकांचा रविवार अजूनही शुक्रवारी येतो.

सर्वांत खोल जखम सुरक्षिततेची आहे. डोंबिवलीत कारखाने आणि निवासी विभाग एकमेकांना खेटून वाढले. रासायनिक सांडपाणी आणि दुर्गंधीच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी तिथे भीषण स्फोट झाले, कामगारांचे प्राण गेले, आसपासच्या घरांच्या खिडक्या फुटल्या. धोकादायक रासायनिक कारखाने दूर हलवावेत ही मागणी तेव्हापासून तीव्र झाली आहे आणि ती रास्त आहे. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, तपासण्या वाढल्या, तरी हे काम पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. नवा उद्योजक घडवणाऱ्या वसाहतीने शेजाऱ्याच्या जिवाची हमीही द्यायला हवी.

या सगळ्या काळात उद्योजकांच्या संघटनांनी वसाहतींचा कणा ताठ ठेवला. वागळे इस्टेटमधील ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन, म्हणजे ‘टिसा’, आणि डोंबिवलीतील कल्याण-अंबरनाथ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, म्हणजे ‘कामा’. रस्ते, वीज, पाणी, कर या प्रश्नांवर त्या भांडत आल्या. लहान उद्योजकाचे जुने दुखणे थकलेल्या बिलांचे. माल वेळेत पोहोचतो, पैसे सहा-सहा महिने येत नाहीत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने ४५ दिवसांची मर्यादा घातली, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजाची तरतूद केली आणि दाद मागायला परिषद दिली. असे असूनही मोठे गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने कित्येक जण तिथे जात नाहीत. आपला हक्क कायद्याने लिहून दिलेला आहे, हे नवख्याला पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे.

अलीकडच्या वर्षांत योजनांची साखळी भक्कम झाली. २००८ मध्ये पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, एप्रिल २०१५ मध्ये मुद्रा कर्ज, आणि २०१९ मध्ये राज्याचा स्वतःचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आला. या शेवटच्या योजनेत सुरुवातीला उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी १० लाख रुपयांपर्यंतचे प्रकल्प धरले गेले. हिशेब सोपा आहे. शहरात सर्वसाधारण प्रवर्गातल्या तरुणाचा प्रकल्प १० लाखांचा असेल तर त्याने १ लाख स्वतःचे घालायचे, दीड लाख शासनाचे अनुदान आणि साडेसात लाख बँकेचे कर्ज. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर विशेष प्रवर्गांसाठी स्वतःचा हिस्सा ५ टक्के आणि शहरी भागात अनुदान २५ टक्के. ग्रामीण भागात, म्हणजे मुरबाड-शहापूरकडच्या गावांत, हेच अनुदान ३५ टक्क्यांपर्यंत जाते.

योजना कागदावर असतात, धंदा रस्त्यावर दिसतो. डोंबिवली स्थानकाबाहेर संध्याकाळी पोळी-भाजी केंद्रांपुढे रांगा लागतात. लोकलमधून उतरलेल्या नोकरदार बायका-पुरुषांच्या पिशवीत मोजून चार पोळ्या आणि एक भाजी जाते. घरच्या गॅसवर सुरू झालेला हा व्यवसाय आज अनेक महिलांना रोजगार देतो आणि इतर शहरांनी डोंबिवलीकडून उचललेला आहे. दुसऱ्या टोकाला, भाईंदरजवळच्या उत्तन येथे रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीच्या आवारात अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. स्टार्टअपचे स्वप्न बाळगणाऱ्या मुलांना तिथे बसायला जागा, मार्गदर्शक आणि गुंतवणूकदारांची गाठभेट मिळते. १९६२ मध्ये महामंडळाने लेथवाल्याला जे दिले, तेच आज संगणकवाल्याला वेगळ्या रूपात मिळते आहे. पत्ता, साथ आणि पहिली ओळख.

२०२२ मध्ये महामंडळाने साठ वर्षे पूर्ण केली. वागळे इस्टेटमध्ये सुरू झालेले हे काम आता राज्यातल्या अडीचशेहून अधिक औद्योगिक क्षेत्रांत पसरले आहे.

ठाणे, कल्याण वा डोंबिवलीतल्या ज्या तरुणाच्या मनात धंद्याची कल्पना घोळते आहे, त्याने आधार कार्ड, शिक्षणाची प्रमाणपत्रे आणि दोन पानांचा का होईना पण स्वतः लिहिलेला प्रकल्पाचा आराखडा घेऊन ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जावे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यासाठी कोणत्याही दलालाची गरज नसते.