सेल्फ, हँडल आणि बारा व्होल्ट

तर झालं असं. तीन आठवडे पुण्यात सुट्टी घालवून आम्ही इकडे बे एरियात परत आलो, शनिवारी सकाळी भाजी आणायला निघालो, आणि गाडी मेलेली. मेलेली म्हणजे अगदी मेलेली. किल्लीचं बटण दाबलं तर दार उघडेना. किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, आत बसलो, पॉवरचं बटण दाबलं. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. आमची गाडी म्हणजे एक जुनी, सेकंडहँड घेतलेली हायब्रिड. तेवढ्यात पुण्याहून बाबांचा फोन आला (तिकडे रात्रीचे साडेआठ).

"अरे, बॅटरी उतरली असेल. सेकंड गिअर टाक, क्लच दाब आणि दे धक्का. सूनबाई आहेत ना धक्का मारायला!"

"बाबा, हिला क्लच नाही. सेकंड गिअरपण नाही."

"मग आहे तरी काय?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला. नेला नसता तर बरं झालं असतं. कारण पुढच्या वीस मिनिटांत मी शेजाऱ्याला पिकअप ट्रक घेऊन बोलावलं, जंपर केबल काढल्या, डिकीतली चटई उचलून कोपऱ्यातली बॅटरी शोधली, आणि धुळीत प्लस-मायनसची खूण नीट न बघता चिमटे लावून मोकळा झालो. उलटे. एक ठिणगी, एक 'फट्', आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर "तू इंजिनिअर आहेस ना?" असा भाव. गाडी टो करून न्यावी लागली. फ्यूज उडाला होता. गॅरेजवाला म्हणाला, नशीबवान आहेस, फ्यूजवर निभावलं. इन्व्हर्टर गेला असता तर तुझ्या या गाडीच्या किमतीएवढं बिल झालं असतं.

शिक्षा म्हणून गेले दोन वीकएंड याच विषयावर वाचत बसलो. आणि कळलं की बाबांचा प्रश्नच बरोबर होता. हायब्रिडमध्ये "आहे तरी काय" हे कळलं की ती सुरक्षितपणे जंप स्टार्ट कशी करायची हे पाठ करावं लागत नाही. त्यासाठी मात्र शंभरएक वर्षं मागे जायला हवं.

आपण मराठीत म्हणतो, "सेल्फ मारला", "सेल्फ उचलत नाहीये". हा 'सेल्फ' म्हणजे सेल्फ-स्टार्टर. गाडी स्वतःची स्वतः सुरू होते, याचं लोकांना एवढं अप्रूप होतं की ते नावातच बसलं. त्याआधी गाडी हँडल मारून सुरू करायची. आमच्या आजोबांच्या ॲम्बॅसेडरबरोबरही हँडल होतं, आणि बॅटरी उतरली की ते बाहेर यायचं. बाबांना आजोबांनी शिकवलेला नियम बाबांनी मलाही सांगितला होता: हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, विरुद्ध बाजूने वेढायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जातं. अंगठा गुंडाळलेला असेल तर अंगठा तरी जातो नाहीतर मनगट तरी.

हा झटका ही काही दंतकथा नव्हे. मोटारींच्या पहिल्या दोन दशकांत हात मोडणं ही नित्याची गोष्ट होती. अमेरिकेत एक कहाणी नेहमी सांगितली जाते. बायरन कार्टर नावाचा मोटार बनवणारा एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला थांबला, हँडलचा फटका त्याच्या जबड्यावर बसला आणि त्यातून पुढे तो दगावला. तो १९०८ साली वारला हे खरं. बाकी तपशिलाला सांगणाऱ्यांनी थोडं तिखटमीठ लावलं असावं. पण त्याचा मित्र, कॅडिलॅकचा हेन्री लेलँड, याने त्यानंतर हँडलचा कायमचा निकाल लावायचं मनावर घेतलं, असं ही कहाणी सांगते. ते काम गेलं चार्ल्स केटरिंगकडे.

केटरिंगची गोष्ट आपल्यासारख्या लोकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. तो आधी डेटन गावात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवणं, हे त्याचं तिथलं काम. तेव्हाच्या जाणकारांचं म्हणणं असं की इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटर गाडीत मावणारच नाही, ती इंजिनाएवढीच मोठी होईल. केटरिंगला गल्ल्याच्या कामातून एक गोष्ट ठाऊक होती. मोटर दिवसभर चालवायची नसेल, फक्त काही सेकंद चालवायची असेल, तर छोट्या मोटरकडूनही तिच्या कुवतीबाहेरचं काम करून घेता येतं. तापायच्या आत ती थांबलेली असते! बस्स, एवढीच युक्ती. १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ आला. फोर्डच्या मॉडेल टीला तो १९१९ पासून मिळू लागला.

आता यातली एक गंमत लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. केटरिंगच्या त्या पहिल्या यंत्रणेत सेल्फ आणि डायनॅमो वेगवेगळे नव्हते. एकच यंत्र इंजिन फिरवायचं, आणि इंजिन सुरू झालं की तेच यंत्र बॅटरी चार्ज करायचं. पुढे स्वस्त पडतं म्हणून ही दोन कामं दोन यंत्रांत वाटली गेली.

पण सेल्फबरोबर गाडीत कायमची मुक्कामाला आली ती शिशाची बॅटरी. ही काही त्यासाठी शोधलेली नव्हती. फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने ती १८५९ मध्येच बनवली होती. तिचा मोठा गुण म्हणजे ती क्षणभरात प्रचंड करंट देऊ शकते. साधी पेट्रोल गाडी सुरू करायला दीड-दोनशे ॲम्पिअर सहज लागतात. सुरुवातीला बहुतेक गाड्यांत सहा व्होल्ट असायचे. इंजिनं मोठी झाली, त्यांचं काँप्रेशन वाढलं, तसे १९५० च्या दशकात अमेरिकेत बारा व्होल्ट रूढ झाले. थोडक्यात, ही बॅटरी गाडीत आहे ती मुख्यतः सेल्फसाठी, आणि जंप स्टार्ट म्हणजे दुसऱ्याच्या बॅटरीचा जोर उसना घेऊन आपलं इंजिन फिरवणं. इथवर बाबांचं आणि माझं ज्ञान सारखंच.

मग १९९७ चा डिसेंबर आला आणि टोयोटाने जपानमध्ये प्रियस विकायला काढली. प्रकल्पाचा प्रमुख ताकेशी उचियामादा. १९९५ च्या अखेरीस त्यांची पहिली प्रायोगिक गाडी तयार झाली, आणि ती जागची हललीच नाही. कॉम्प्युटरवर सगळं छान चालत होतं. प्रत्यक्ष गाडी हलवायला ४९ दिवस लागले. (माझ्या मशीनवर तर चालतंय, असं म्हणणाऱ्या सर्वांनी ही ओळ पुन्हा वाचावी. :) )

प्रियसमध्ये सेल्फच नाही! तिच्यात दोन विजेची यंत्रं आणि इंजिन एका ग्रहमालेसारख्या गिअरसेटने जोडलेली असतात. त्यातलं एक यंत्र इंजिन फिरवून सुरू करतं, आणि इंजिन सुरू झालं की तेच जनरेटर होतं. त्याला लागणारी वीज मोठ्या बॅटरीतून येते. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ही मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची होती, आणि मोटरसाठी हा दाब ५०० व्होल्टपर्यंत चढवला जायचा.

मग मुद्दा असा की सेल्फ गेला, तर बारा व्होल्टची बॅटरी का नाही गेली? ती शिल्लक राहिली राखणदार म्हणून. मोठी बॅटरी एका बंद पेटीत असते आणि तिच्या दोन्ही तारांवर जाडजूड रिले असतात. हे रिले एरवी उघडे, म्हणजे तुटलेले असतात. बारा व्होल्टवर आधी गाडीचे कॉम्प्युटर जागे होतात, सगळं ठीक आहे याची खात्री करतात, आणि मग रिले जोडतात. अपघात झाला किंवा बारा व्होल्ट गेले की रिले सुटतात आणि जीवघेणा दाब पेटीतच राहतो. हत्तीच्या खोलीची किल्ली उंदराकडे दिली आहे, आणि ती मुद्दाम दिली आहे.

म्हणूनच तीन आठवडे उभ्या असलेल्या माझ्या गाडीत इंजिन फिरवण्याइतकी वीज होती, पण तिला उठवणारं कुणी नव्हतं. आणि धक्का मारूनही उपयोग नव्हता, कारण रिले सुटलेले असताना ती चाकं इंजिनाला फिरवूच शकत नाहीत. हे सगळ्या हायब्रिडना लागू नाही बरं का. होंडाच्या जुन्या पद्धतीत (२००८ मध्ये भारतात आलेली सिव्हिक हायब्रिड याच जातीची) मोठ्या बॅटरीत दम नसेल तेव्हासाठी साधा सेल्फही ठेवलेला होता.

आता हे समजलं की जंप स्टार्टचे नियम आपोआप सुटतात. आपण इंजिन फिरवत नाही, कॉम्प्युटर बूट करतोय. करंट थोडाच लागतो, पण चूक अजिबात खपत नाही. साध्या गाडीत ठिणगी उडाली तर पूर्वी अंगठ्याएवढीच काळजी असायची. इथे त्याच तारेवर नाजूक कन्व्हर्टर बसलेला आहे.

म्हणून पहिला नियम: बॅटरी शोधत डिकीत शिरू नका, पुस्तिका उघडा. बऱ्याच हायब्रिडमध्ये जंप करण्यासाठी बॉनेटखाली वेगळी जागा दिलेली असते. प्रियसच्या दुसऱ्या पिढीत ती फ्यूजच्या डब्यात, लाल झाकणाखाली आहे. (डिकीचं कुलूपही विजेवर असल्याने बॅटरी उतरली की डिकी बाहेरून उघडतच नाही!) नारिंगी रंगाच्या तारांना हात लावायचा नाही, त्या मोठ्या बॅटरीच्या.

क्रम जुनाच. दोन्ही गाड्या बंद, आणि मदतीची गाडी बारा व्होल्टचीच हवी. चोवीस व्होल्टचा मोठा ट्रक चालणार नाही. लाल चिमटा आपल्या प्लसला, लालचं दुसरं टोक त्यांच्या प्लसला, काळा त्यांच्या मायनसला, आणि काळ्याचं शेवटचं टोक आपल्या गाडीच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. हा शेवटचा भाग शिशाच्या बॅटरीचा वारसा आहे. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन असला तरी तो पेटू शकतो. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडणारच. ती लांब पडावी एवढंच. प्रत्येक चिमटा लावण्यापूर्वी खूण मोठ्याने वाचा. मी आता वाचतो. बायको हसते, हसू दे.

मग त्यांची गाडी सुरू करून पाचेक मिनिटं थांबायचं, आपला ब्रेक दाबून पॉवरचं बटण दाबायचं आणि 'रेडी'चा दिवा बघायचा. इंजिनाच्या आवाजाची वाट बघायची नाही, तो कदाचित येणारही नाही. दिवा लागला की केबल उलट्या क्रमाने काढायच्या आणि गाडी अर्धा तास तरी रेडीत ठेवायची. हायब्रिडला अल्टरनेटर नसतो; मोठी बॅटरीच कन्व्हर्टरमार्फत छोटीला भरते. पण बंद गॅरेजमध्ये हे नको, कारण इंजिन मनात येईल तेव्हा स्वतःच सुरू होतं आणि धूर आत कोंडतो. एवढं करूनही रेडी आलं नाही तर हट्ट सोडायचा. मोठी बॅटरीच उतरली असेल तर जंपर केबलचा काही उपयोग नाही, ते काम गॅरेजचं.

आणि परोपकार करताना जपून. आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची साधी गाडी सुरू करायला बहुतेक पुस्तिका मनाई करतात. तिची छोटी बॅटरी आणि कन्व्हर्टर कॉम्प्युटर चालवायला बनवलेत, दुसऱ्याचा सेल्फ ओढायला नाही.

ह्युंदाईच्या आयोनिक हायब्रिडमध्ये तर छोटी बॅटरी वेगळी ठेवलेलीच नव्हती. ती लिथियमची करून मोठीच्या शेजारी बसवली आणि ती उतरली तर दाबायला एक रीसेटचं बटण दिलं. केबल नाही, शेजारी नाही, फट् नाही.

काल बाबांना हे सगळं सांगितलं. केटरिंगचं एकच यंत्र दोन्ही कामं करायचं, ते मधे दोन झालं आणि पंच्याऐंशी वर्षांनी हायब्रिडमध्ये पुन्हा एक झालं, हे ऐकून ते खूश झाले. म्हणाले, "म्हणजे हँडलच की रे. फक्त मारणारा हात मोठ्या बॅटरीचा."

"हो बाबा."

"मग अंगठा कुठे ठेवायचा ते आधी विचारायचं होतंस ना!"

खरंय. भारतातही २०२२ पासून स्ट्राँग हायब्रिड बऱ्याच दिसू लागल्यात, तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या पार्किंगमध्ये हे आज ना उद्या होणारच. पूर्वी चुकलं की मनगट जायचं, आता फ्यूज जातो, हीच काय ती शंभर वर्षांची प्रगती. अंगठा मात्र अजून सांभाळावाच लागतो. असो. भाजी राहिलीच आहे, निघतो.