क्रोमियम घटवलेल्या धातूची कुळकथा

मालेगावात सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचा बॉयलर सांभाळणाऱ्याचं वैर पाण्याशी आणि हवेशी. तिथे स्टेनलेस स्टील टिकतं ते क्रोमियममुळे. पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि आतला धातू वाचतो. काही अणुभट्ट्यांत इंधनच वितळलेल्या फ्लोराइड क्षारात मिसळलेलं असतं. त्या क्षारात मात्र हा पापुद्रा विरघळून जातो, आणि पहारेकरीच आधी पळवला जातो. क्षारातलं युरेनियम टेट्राफ्लोराइड क्रोमियमला फ्लोराइड बनवून बाहेर ओढतं.

हे उमगलं अमेरिकेत, ओक रिजच्या प्रयोगशाळेत. अणुशक्तीवर बॉम्बफेकी विमान उडवायचं, अशी तेव्हाची (जराशी अचाटच) कल्पना होती. त्यासाठीची प्रायोगिक अणुभट्टी नोव्हेंबर 1954 मध्ये काही दिवस चालली. क्षार 860 अंशांपर्यंत तापला होता आणि नळ्या होत्या इन्कोनेलच्या, म्हणजे सुमारे 15 टक्के क्रोमियमच्या. अशा नळ्यांत क्षार महिनोन्‌महिने फिरवून त्या कापल्या, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली गरम बाजूच्या पृष्ठभागाखाली बारीक पोकळ्या दिसल्या. तिथून निघालेलं क्रोमियम थंड बाजूला जाऊन बसत होतं.

मग इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या साथीने नवा मिश्रधातू घडवला. नाव इनॉर-8, बाजारात हॅस्टेलॉय-एन. मुख्य धातू निकेल, ताकदीसाठी 16-17 टक्के मॉलिब्डेनम आणि क्रोमियम फक्त 7 टक्के. ते शून्यावर का आणलं नाही? कारण नळीच्या बाहेर तापलेली हवा असते आणि तिच्याशी झुंजायला क्रोमियमच लागतं. ही तडजोडच मला या कुळकथेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

1965 ते 1969 या काळात ओक रिजलाच या धातूची भट्टी साधारण 650 अंशांवर चालली आणि क्षाराने धातू फारसा खाल्ला नाही. खोड निघाली ती भलतीकडेच. युरेनियम फुटून तयार झालेलं टेल्युरियम धातूच्या कणांच्या सीमांत शिरलं आणि पृष्ठभागावर उथळ भेगा पडल्या. त्यावर दोन उतारे सापडले. एक, धातूत 1-2 टक्के नायोबियम घालणं. दुसरा, युरेनियमचा काही भाग ट्रायफ्लोराइड रूपात राखून क्षाराची भूक आवरणं.

चीनने याच घराण्यातला जीएच-3535 वापरून गान्सू प्रांतात छोटी भट्टी उभारली आणि ती 2023 मध्ये सुरू झाली. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने थोरियमवर चालणाऱ्या क्षार-भट्टीचा आराखडा केला आहे आणि तिच्यासाठी टायटॅनियम मिसळलेल्या निकेल-मॉलिब्डेनम-क्रोमियम मिश्रधातूवर काम चाललं आहे. भट्टी अजून उभी राहिलेली नाही.