ससूनमधील ती रात्र आणि नंतरचे दिवस

१२ जानेवारी १९२४ ची रात्र. पुण्याच्या ससून रुग्णालयात एका कैद्याच्या पोटावर तातडीची शस्त्रक्रिया चालू होती. कैदी येरवडा तुरुंगातून आणलेला, वय ५४, आणि त्याला सारा देश ओळखत होता. ते होते महात्मा गांधी. १९२२ च्या मार्चमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. तुरुंगात सूत कातणे, वाचन आणि उर्दूचा अभ्यास असा त्यांचा क्रम चालू असता पोटात कळा सुरू झाल्या. दुखणे आंत्रपुच्छाचे, म्हणजे अपेंडिक्सचे निघाले.

गांधीजींच्या ओळखीचे डॉक्टर बाहेरगावाहून यायचे होते. त्यांच्यासाठी थांबायला सरकार तयार होते, पण आजार थांबायला तयार नव्हता. मध्यरात्र जवळ आली तेव्हा इंग्रज सर्जन कर्नल मॅडॉक यांनी आता उशीर करता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. पुण्यातच असलेले श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेण्यात आले. शस्त्रक्रियेस आपली संमती आहे, डॉक्टरांनी आपली उत्तम काळजी घेतली आहे, आणि काही बरेवाईट झाले तरी त्यावरून सरकारविरुद्ध चळवळ होऊ नये, अशा आशयाचे निवेदन तयार झाले. गांधीजींनी त्यावर पेन्सिलीने सही केली. सही करताना हात थरथरत होता, आणि तेही त्यांनी हसतच डॉक्टरांच्या नजरेस आणून दिले.

शस्त्रक्रिया चालू असतानाच वादळी पावसाने वीज गेली. परिचारिकेच्या हातातील बॅटरी थोडा वेळ चालली, मग तीही विझली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले. ही कंदिलाची गोष्ट पुण्यात पुष्कळांनी ऐकलेली असते. ज्या खोलीत हे घडले ती खोली ससूनमध्ये गांधीजींची आठवण म्हणून जपलेली आहे.

परंतु पुढची गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, रोगी सुधारतो आहे असे वाटले, आणि मग जखमेच्या जागी गळू झाले. सुधारणा डॉक्टरांच्या अपेक्षेपेक्षा मंदावली. अखेर ५ फेब्रुवारीला सरकारने उरलेली शिक्षा माफ करून त्यांची सुटका केली. दोनच दिवसांनी काँग्रेसचे त्या वर्षीचे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी म्हटले की, आजारपणामुळे झालेल्या सुटकेत आनंद मानण्यासारखे काही नाही. पुढे मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूच्या समुद्रकिनारी गेले. काम एका रात्रीचे होते, त्यातून सावरायला मात्र महिने लागले.

पालक व विद्यार्थी मित्रहो, आपल्या मोहल्ल्यात ऑपरेशन थिएटरचे दार उघडून डॉक्टर ‘सगळे ठीक झाले’ म्हणाले की मिठाई वाटली जाते. आनंद होणे साहजिकच आहे. पण त्याच घटकेपासून शरीराच्या आत दुसरे काम सुरू होते. ते काय असते हे कळायला विज्ञानाला पुढची पन्नास-साठ वर्षे लागली.

डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले ससून रुग्णालय सुरू झाले १८६७ मध्ये. त्याच वर्षी जोसेफ लिस्टर यांनी जखमेतील जंतू मारण्याची आपली पद्धत वैद्यकीय जगापुढे मांडली. म्हणजे १९२४ च्या सर्जनला जंतूंची पूर्ण ओळख होती. हत्यारे उकळली जात, हात धुतले जात. नव्हते ते जंतू मारणारे इंजेक्शन. पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा. जखम पिकली की पू निघू द्यायचा आणि वाट पाहायची, एवढेच हाती असे.

आता पू म्हणजे काय? जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा तो ढीग असतो. या पेशी लढतात कशाने, याचे उत्तर चमत्कारिक आहे. ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो त्यालाच त्या हत्यार बनवतात. चिरलेले वांगे काळे पडते, लोखंड गंजते, ही ऑक्सिजनचीच करणी. म्हणून तर आपल्या घरी चिरलेले वांगे पाण्यात टाकतात. पांढरी पेशी ऑक्सिजनपासून ‘सुपरऑक्साइड’ नावाचा अत्यंत तिखट कण तयार करून जंतूवर सोडते. बर्नार्ड बॅबियर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिले. ज्या मुलांच्या पेशींना जन्मतःच हे जमत नाही, ती वरचेवर जंतुसंसर्गाने आजारी पडतात. तेव्हा ही आग शरीराला हवीच. मात्र ती शेजारच्या निरोगी पेशींनाही सोडत नाही.

ती विझविण्याची सोयही शरीरात आहे, आणि तिच्या शोधाची हकिगत विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. १९३८ मध्ये केंब्रिजच्या मान आणि कीलिन यांनी गुरांच्या रक्तातून तांबे असलेले एक प्रथिन वेगळे केले. ते शरीरात कोणते काम करते हे मात्र कोणाला सांगता येईना. तीस वर्षे ते तसेच बिनकामाचे राहिले. १९६९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड या विद्यार्थ्याने आपले गुरू फ्रिडोविच यांच्यासह दाखविले की, सुपरऑक्साइडला निकामी करणे हेच त्याचे काम आहे. आग जास्त आणि विझविणारे कमी पडले की जी अवस्था येते तिला आज ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांच्या १९८५ च्या ग्रंथाने हे नाव रूढ केले.

शस्त्रक्रियेत हा ताण जंतू नसतानाही येतो. रक्तस्राव होऊ नये म्हणून सर्जन काही वेळ रक्तवाहिनी चिमट्यात धरतो. तेवढा वेळ पुढचा भाग रक्तावाचून उपाशी राहतो. चिमटा सोडला की रक्त परतते, आणि नवल असे की बरेचसे नुकसान त्या परतण्याच्या क्षणी होते. मांजरांच्या आतड्यावर १९८१ मध्ये झालेल्या प्रयोगांनी याचे कारण सुपरऑक्साइड असल्याचे दाखविले. त्या प्रयोगांतही मॅकॉर्ड होतेच. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंड मंदावणे, हृदयाचे ठोके बिघडणे, फुप्फुसाला सूज येणे, जखम लवकर न भरणे, या तक्रारींमागे इतर कारणांबरोबर या ताणाचाही वाटा मानला जातो.

मग गोळी घेऊन हे टळेल का? जीवनसत्त्वांच्या गोळ्यांकडून मोठी आशा होती. प्रयोग पुष्कळ झाले, निकाल उलटसुलट आले, आणि सर्व रोग्यांना सरसकट द्यावी अशी गोळी काही हाती लागली नाही. जाहिरातवाले काहीही म्हणोत! खात्रीची गोष्ट साधी आहे. विडी-सिगारेटचा धूर हा ताण वाढवतो, मधुमेह आटोक्यात नसला तरी तो वाढतो. शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे धूम्रपान सोडले तर नंतरचे उपद्रव कमी होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. ऑपरेशनची तारीख मिळाली की आपण पैशांची जुळवाजुळव करतो, रक्त देणारे शोधतो. घरच्या वडीलधाऱ्यांची विडी त्याच दिवशी बंद करायला मात्र आपली जीभ रेटत नाही. टाके सुकले म्हणून पाचव्या दिवशी दुकानाचे शटर उचलणारे आणि मग ताप अंगावर काढणारे गृहस्थ प्रस्तुत लेखकाच्या घरातही होऊन गेले.

गांधीजींनाही स्वस्थ बसवले नाही. जुहूला असतानाच त्यांनी आपली साप्ताहिके पुन्हा हाती घेतली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी त्यांनी २१ दिवसांचा उपवास आरंभिला, तो मौलाना महंमद अली यांच्या दिल्लीच्या घरी. शस्त्रक्रियेला तेव्हा आठ महिने झाले होते. उशाशी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी होते. ते स्वतः सर्जन. १९१२ मध्ये तुर्कस्तानातील जखमी सैनिकांसाठी वैद्यकीय पथक घेऊन गेलेले. रोग्याचे मन कितीही कणखर असले तरी शरीर किती सोसू शकेल याचा हिशेब त्यांनाच ठेवायचा होता, आणि एकवीस दिवस त्यांनी तो ठेवला.