चाकरमानी : एक शब्द आणि एक श्रमबाजार

२०२५च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर, ऑगस्ट महिन्यात, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी शासकीय व्यवहारात 'चाकरमानी' या शब्दाऐवजी 'कोकणवासीय' हा शब्द वापरावा, असे निर्देश दिले. 'चाकर' या घटकात हीनत्व आहे, अशी काही संघटनांची तक्रार होती. तक्रार समजण्यासारखी आहे. आपल्या बापजाद्यांना कुणी चाकर म्हणावे हे कुणाला रुचेल? परंतु पर्यायी शब्दात एक गंमत आहे. कोकणवासीय म्हणजे कोकणात वास करणारा. चाकरमानी म्हणजे नेमका तो, जो कोकणात वास करत नाही. दीडशे वर्षांचा एक आर्थिक व्यवहार ज्या एका शब्दात सांभाळला गेला, त्याच्या जागी त्याच्या उलट अर्थाचा शब्द आला आणि त्याबद्दल फारसे कुणाला काही वाटले नाही.

हा व्यवहार काय होता, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी समजून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते. ग्रामीण साहित्य आणि कामगार साहित्य अशा दोन स्वतंत्र खणांत आपण जे वाङ्मय शिकवतो, त्याचे मूळ पुष्कळदा एकाच घरात असते. चुलीपाशी बसलेली बाई एका खणात आणि साच्यावर उभा असलेला तिचा नवरा दुसऱ्या खणात, अशी आपल्या अभ्यासक्रमाची वाटणी आहे.

१८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या गॅझेटियरमध्येच या जिल्ह्याची ओळख माणसे पुरवणारा जिल्हा अशी झालेली दिसते. (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला; त्यामुळे त्यापूर्वीचे आकडे वाचताना 'रत्नागिरी' या नावात आपणही आहोत हे ध्यानात ठेवावे लागते.) पलटणीत शिपाई, मुंबईच्या पोलिसांत शिपाई, घरगडी, बंदरावरचे हमाल आणि मग गिरणीकामगार असा हा पुरवठा होता. कारणे कातळाइतकीच उघडी होती. पावसावरचे एकच भातपीक, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, खोताचा वाटा आणि वाढती तोंडे. भात झोडून झाले की पुरुषाच्या हाताला घरात काम उरत नसे. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्यानंतर. त्याआधी १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते. म्हणजे ज्या काळात मुंबईकडे सर्वाधिक माणसे गेली, त्या काळात जमिनीवरचा दाबही कायम होता.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६मध्ये सुरू झाली. पुढच्या अर्धशतकात परळ-लालबाग भागात गिरण्यांचे गाव उभे राहिले आणि १९११च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आढळले. १९३१पर्यंत हे प्रमाण पावाच्या आसपास आले, कारण घाटावरून आणि उत्तरेकडूनही माणसे येऊ लागली होती. तरी गिरणगावाची बोली, त्याचे सणवार आणि त्याची भजनी मंडळे यांवर कोकणाची जी छाप बसली, ती राहिलीच.

माणूस गिरणीत शिरे तो जॉबरच्या ओळखीने. जॉबर बहुधा गावचा, भावकीतला नाहीतर शेजारच्या वाडीतला. तो नोकरी लावी, कर्जाला जामीन राही, प्रसंगी भांडणही मिटवी आणि या सगळ्याची किंमतही वसूल करी. राहायला गावाची खोली असे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-पंधरा माणसे, खुंटीला ज्याची त्याची पिशवी, जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुधा गावाकडचीच, कित्येकदा विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली. गिरणगावच्या इतिहासात या बायकांनी सांभाळलेले उधारीचे खाते हा एक स्वतंत्र अध्याय आहे. संपाच्या काळात अर्धा संप त्यांच्या उधारीवर चाले. आणि महिन्याच्या महिन्याला गावी जाणारी मनिऑर्डर. पोस्टाने ही सेवा सुरू केली ती १८८० साली, म्हणजे नेमक्या त्याच वर्षी, ज्या वर्षी ते गॅझेटियर छापले गेले.

'मनिऑर्डरवर जगणारे कोकण' हा शब्दप्रयोग इथूनच आला. राजकीय भाषणांत, वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतही तो सर्रास येतो. त्यात एक कीव आहे आणि एक हिशेबाची चूकही आहे, असे आमचे मत आहे. १९२१च्या सुमारास मुंबईत दर हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या. म्हणजे गिरणीमालक मजुरी देत होता ती एका पुरुषाच्या पोटाची. त्याच्या कुटुंबाची नव्हे. मुले जन्माला घालणे, ती वाढवणे, आजाऱ्याची सेवा, म्हाताऱ्यांचा सांभाळ आणि वर्षातले काही महिने पुरेल इतके भात हा सगळा खर्च गावाने, आणि गावात बाईने, उचलला होता. कामगार पंधराव्या वर्षी तयार होऊन मुंबईला मिळत होता आणि छातीत कापसाची धूळ साठली की गावाला परत मिळत होता. मनिऑर्डरचे पाच-दहा रुपये पोस्टाच्या वहीत नोंदले गेले. उलट दिशेने जे गेले त्याची वही कुणी ठेवली नाही. कोण कुणावर जगत होते, हा प्रश्न निदान उघडा ठेवायला हवा.

१९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाला हे दिसले होते. कामगार शहराकडे ओढला जात नाही, गावातून ढकलला जातो, अशा आशयाचे निरीक्षण त्या आयोगाने केले आणि कामगाराचा गावाशी असलेला संबंध तोडू नये, राखावा, असे सुचवले. त्यात कनवाळूपणा होता तसाच व्यवहारही होता. मजुरी कमी ठेवता येते ती गाव शाबूत असते तोवरच.

परंतु गाव शाबूत असण्याचा दुसराही अर्थ होता आणि तो मालकांना नकोसा होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा माणसे गलबतांत बसून, पायी, मिळेल त्या वाटेने गावी निघून गेली. १८९७च्या आरंभी गिरण्यांना माणूस मिळेना, रोजच्या रोज पैसे चुकते करण्याची आणि नाक्यावर मजुरांची बोली लागण्याची पाळी आली. १९२८चा सहा महिन्यांचा संप टिकला, त्यामागे लाल बावट्याइतकाच गावच्या भाताच्या कणगीचा आधार होता. संपात कोकणी माणूस गावी जाई, लावणी करी, गणपती करी आणि परत येई. गाव हा त्याचा संप-निधी होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा हाच जुना हिशेब मनात होता. पावसाळा काढू, दिवाळीला परत जाऊ. या वेळी परत जायला गिरणीच उरली नाही. मालकांना आता कापडापेक्षा जमीन मोलाची वाटू लागली होती, यंत्रमागांनी कापड आधीच बाहेर नेले होते. जो आधार संप लांबवत असे, त्यानेच या वेळी कामगाराला घरी बसवून ठेवले आणि तो घरी बसला आहे हे कुणाच्या फारसे लक्षातही आले नाही. शहरात बेकार झालेला माणूस दिसतो. गावात बेकार झालेला माणूस शेतकरी म्हणून मोजला जातो. पुढे २०१२ साली म्हाडाने गिरणीकामगारांसाठी ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. तीस वर्षांनी गिरण्यांच्या जमिनीवर मागितलेल्या त्या खोलीसाठी कोकणातल्या कित्येक पडव्यांतून जुने हजेरी-पास आणि पगाराच्या चिठ्ठ्या शोधल्या गेल्या.

साहित्याने यातले काय टिपले? मामा वरेरकर मूळ चिपळूणचे आणि पोस्टात नोकरी केलेले. 'धावता धोटा' ही त्यांची गिरणीजीवनावरची कादंबरी आज अभ्यासक्रमाबाहेर आहे. नारायण सुर्व्यांनी गिरणगावाला कवितेत आणले. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने संपानंतरचे लालबागमधले घर रंगमंचावर उभे केले. दुसऱ्या बाजूला पेंडसे, खानोलकर यांचे कोकण. ही यादी थोर आहे, पण दोन टोकांमधला जो प्रवास, वाट पाहणे, पोस्टमनने वाचून दाखवलेले पत्र, अकरा महिने नवऱ्याविना आणि एक महिना त्याच्यासह असे वैवाहिक आयुष्य, याला मराठी कादंबरीत मध्यवर्ती जागा क्वचितच मिळाली. ते सापडते फुगडीच्या गाण्यांत, दशावताराच्या उत्स्फूर्त संवादांत आणि नमनाच्या थट्टेत. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ला मच्छिंद्र कांबळी यांनी जो अफाट प्रेक्षक मिळवून दिला, तो या चाकरमान्यांतूनच आला. आपली बोली मुंबईच्या नाट्यगृहात ऐकून हसणारा तो प्रेक्षक कशावर हसत होता, याचा विचार समीक्षेने अजून पुरेसा केलेला नाही.

येथे दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडॉर हा प्रांत आहे. शतकानुशतके तिथली किनारी वस्ती कॉड माशावर जगली. मासा संपत आला म्हणून २ जुलै १९९२ रोजी केंद्र सरकारने कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली आणि सुमारे तीस हजार माणसांचे काम गेले. १९९१ साली पाच लाख अडुसष्ट हजार असलेली प्रांताची लोकसंख्या २००६ साली पाच लाख पाच हजारांवर आली. तरुण माणसे हजारो मैलांवरच्या आल्बर्टा प्रांतात तेलाच्या खाणींवर जाऊ लागली. काही आठवडे तिकडे काम, काही दिवस घरी, अशा पाळ्या सुरू झाल्या. पुढे समुद्रातल्या खनिज तेलाने त्या प्रांताचे उत्पन्न वाढले, पण किनाऱ्यावरची छोटी गावे त्यामुळे भरली नाहीत. प्रांताची वाढ आणि प्रांतातल्या माणसांचे काम या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे तिथे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते. फरक इतकाच की त्यांचे घरचे काम बुडाले म्हणून ते बाहेर पडले. आपले बाहेरचे काम बुडाले आणि तरीही आपण बाहेरच राहिलो.

१९८२नंतर कोकणासाठी काही झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९०मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि वरकस डोंगरांवर काजू-आंबा चढला. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली; नाथ पैंनी आणि मधु दंडवत्यांनी जे पिढ्यान्‌पिढ्यांना सांगितले, ते जॉर्ज फर्नांडिस आणि ई. श्रीधरन यांच्या काळात प्रत्यक्षात आले. २०२१च्या ऑक्टोबरात चिपीला विमानतळ झाला. यांतील प्रत्येक गोष्टीने पैसा आणला. परंतु पर्यटन मालवण-तारकर्लीच्या वाळूवर थांबले. आमच्या वैभववाडीला समुद्र नाही, करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट आहेत आणि पर्यटक घाट उतरून पुढे जातो. फळबागेचे तर एक वैशिष्ट्य कुणी सांगत नाही. भात बारा महिने माणूस मागत नाही, पण ठरल्या दिवशी मागतोच. काजू थांबतो. कलमाला मालक मुंबईत असला तरी चालते. फळबाग ही गैरहजर माणसाची शेती आहे, आणि म्हणून ती इथे इतकी रुजली. देवगड-रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला नेपाळी गडी आणि चिरेखाणींवर कर्नाटकातले मजूर हे दृश्य आता जुने झाले. माणसे पाठवणारा जिल्हा माणसे मागवतो आहे, आणि तरीही आपली माणसे पाठवतोच आहे. यात विसंगती नाही. आपल्या मुलाने चिरेखाणीत उतरावे यासाठी कुणी त्याला पदवीपर्यंत शिकवत नाही.

जनगणनेच्या दोन आकड्यांपाशी थोडे थांबावेसे वाटते. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, २०११ साली ८,४९,६५१ झाली. महाराष्ट्रात त्या दशकात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. गिरण्यांचे शहर आणि त्याला माणसे पुरवणारे दोन जिल्हे. याच काळात सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १०७९ वरून १०३६ वर आले. हे दोन आकडे एकत्र मांडून पाहिले की लक्षात येते, दहा वर्षांत पुरुषांची संख्या जवळजवळ जिथल्या तिथे राहिली आहे. घट झाली ती जवळपास सगळी स्त्रियांच्या संख्येत. शंभर-सव्वाशे वर्षे जी बाई मागे राहिली होती, ती निघाली आहे. मुलांच्या शिक्षणासाठी, स्वतःच्या नोकरीसाठी, विरार-डोंबिवली-दिव्याच्या स्वतंत्र बिऱ्हाडासाठी. तिच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, असे आम्ही निःसंकोच म्हणू. मात्र चाकरमानी या शब्दाचा जो व्यवहार होता, तो तिच्या मागे राहण्यावर उभा होता.

२०२० साली टाळेबंदीत माणसे गावी परतली, तेव्हा काही गावांनी वेशीवर अडसर घातले, आलेल्यांना शाळांमधून ठेवले. प्लेगातल्या गावाने माणूस विचार न करता घरात घेतला होता, असे समजण्याचे कारण नाही. तेव्हाही भीती असणारच. पण तेव्हा घरात चूल पेटलेली होती. आता अनेक घरांना कुलूप होते आणि किल्ली शेजाऱ्याकडे.

आमच्या महाविद्यालयात प्रवेश अर्जावर पालकांच्या व्यवसायाचे दोन रकाने असतात. वडिलांच्या रकान्यात 'नोकरी, मुंबई' हे आता पूर्वीइतके येत नाही. 'नोकरी, गोवा', 'रिक्षा', 'ऊस शेती' असेही येते, कारण घाटावर गगनबावडा तालुक्यात साखर कारखाना आहे आणि इकडचा ऊस तिकडे चढतो. आईच्या रकान्यात मात्र 'गृहिणी' हा एकच शब्द सापडतो. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने तो खोडून 'शेती, काजू, गुरे' असे लिहिले होते. अर्ज संगणकात भरताना तिथे पुन्हा 'गृहिणी' असे आले, कारण यादीत तोच पर्याय होता.