थर्मोमिक्स : किंमत आणि उपयोग

जर्मनीतील व्होरवर्क कंपनीचे थर्मोमिक्स हे यंत्र १९७१ साली प्रथम बाजारात आले. वजन करणे, चिरणे, वाटणे, ढवळणे आणि शिजवणे ही कामे ते एकाच भांड्यात करते. त्याच्या ‘टीएम ६’ या प्रकारात भांड्याची क्षमता २.२ लिटर, तर कमाल तापमान १६० अंश सेल्सियस आहे. त्यामुळे त्यात भाकरी भाजता येत नाही, मासळी तळता येत नाही आणि मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाकही एका वेळी होत नाही. ओल्या नारळाचे वाटण तर साधा मिक्सरही करतो.

या यंत्राचे खरे वेगळेपण मंद आचेवर अखंड ढवळण्यात आहे. खीर, सूप वा जॅम करताना शेगडीपाशी उभे राहावे लागत नाही.

किंमत दीड लाख रुपये आणि आयुष्य दहा वर्षे गृहीत धरल्यास रोजच्या वापराचा खर्च प्रत्येक वेळी सुमारे ४१ रुपये पडतो. आठवड्यातून दोनदाच वापरल्यास तो १४४ रुपयांवर जातो. वीज व दुरुस्ती वेगळीच. म्हणून खरेदीपूर्वी महिनाभर घरात काय शिजते, याची नोंद ठेवावी. सतत ढवळावे लागणारे पदार्थ त्यात वारंवार आढळले, तरच हा खर्च सार्थ ठरतो. अन्यथा मिक्सर आणि कुकर पुरेसे आहेत.