विमान न उडवता विमानाच्या धंद्यात : फ्लाइट सिम्युलेटरमधली कामं, शिक्षण आणि खर्च

साखरा (ता. सेनगाव) : दहावी-बारावीचा निकाल लागला की साखरा, सेनगाव परिसरातल्या घराघरांत एकच प्रश्न असतो, आता पुढं काय? एखादं लेकरू म्हणतं, "मला पायलट व्हायचंय." घरात आधी कौतुक होतं, मग खर्चाचा आकडा कळला की सगळे गप्प होतात. कुणी दोन एकर विकायचा विचार करतं, कुणी तो विषयच बंद करतं. या दोन्हीच्या मध्ये एक रस्ता आहे आणि त्याची माहिती आपल्याकडं फारशी पोहोचलेली नाही. तो रस्ता म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, अर्थात जमिनीवरचं नकली विमान, चालवण्याचं आणि दुरुस्त ठेवण्याचं काम. त्याचीच सविस्तर माहिती इथं देत आहोत.

सिम्युलेटर म्हणजे नेमकं काय?

मोबाईलवरचा विमानाचा गेम म्हणजे सिम्युलेटर नव्हे. खरा 'फुल फ्लाइट सिम्युलेटर' म्हणजे एका खोलीएवढी बंद केबिन. आत एखाद्या ठराविक विमानाचं, समजा एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चं, कॉकपिट जसंच्या तसं असतं. तीच बटणं, तेच पडदे, तीच खुर्ची. समोर वळणदार पडद्यावर धावपट्टी, ढग, पाऊस, रात्रीचे दिवे दिसतात. वरच्या दर्जाच्या यंत्रात हे चित्र आडवं १८० अंश आणि उभं ४० अंश एवढं पसरलेलं असतं. केबिन सहा जॅकवर उभी असते. हे जॅक मागं-पुढं होऊन केबिनला सहा प्रकारची हालचाल देतात.

ही केबिन जागच्या जागी असते, मग विमान पळाल्यासारखं वाटतं कसं? एसटी झटक्यात सुटली की आपली पाठ सीटला टेकते, हे सगळ्यांना माहीत आहे. सिम्युलेटर केबिनचं तोंड थोडं वर उचलतो. त्यामुळं आपल्याच वजनानं पाठ सीटवर दाबली जाते, पण समोरच्या चित्रात धावपट्टी सरळच असते. मेंदूला वाटतं, विमान वेग घेतंय. मात्र चित्र आणि हालचाल यांचा मेळ बसायला हवा. वैमानिकानं दांडी हलवल्यावर उत्तर यायला दीडशे मिलिसेकंदापेक्षा जास्त उशीर झाला तर यंत्र वरच्या दर्जाला पात्र ठरत नाही. दर्जा ए, बी, सी, डी असे चार असतात आणि डी सर्वांत वरचा.

या कल्पनेची सुरुवात १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक या तरुणानं केली. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपल्या भजनातल्या पेटीला जसा भाता असतो, तसेच ऑर्गनचे भाते वापरून त्यानं डुलणारं छोटं लाकडी विमान बनवलं. आधी ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीला वापरलं गेलं. १९३४ मध्ये खराब हवेत टपाल नेणारे लष्करी वैमानिक अपघातात मरू लागले, तेव्हा अमेरिकी लष्करानं अशी सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले.

वैमानिकाला याची गरज का?

काही गोष्टी खऱ्या विमानात शिकवता येत नाहीत. उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडणं, आग लागणं, उतरताना वाऱ्यानं अचानक दिशा बदलणं. या गोष्टी प्रवासी भरलेल्या विमानात करून बघायच्या नसतात. सिम्युलेटरमध्ये दहा वेळा चुकलं तरी कुणाच्या जिवाला धक्का लागत नाही.

लायसन्स मिळाल्यावर नवा वैमानिक मोठ्या विमानाचं 'टाईप रेटिंग' बहुतांश सिम्युलेटरवरच करतो. नोकरी लागल्यावरही सुटका नाही. एअरलाइनच्या प्रत्येक वैमानिकाची साधारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा होते. म्हणजे देशात जितके वैमानिक वाढतील, तितके सिम्युलेटरचे तास वाढतात, आणि ते यंत्र चालू ठेवणारी माणसंही लागतात.

एक बंद पडलेला भाग आणि ९० वैमानिक

हे काम किती जबाबदारीचं आहे, हे एका घटनेवरून लक्षात येईल. २०१८ आणि २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्स जातीच्या दोन विमानांना परदेशात अपघात झाले आणि ३४६ माणसं गेली. त्यानंतर हे विमान पुन्हा उडवण्याआधी वैमानिकांना सिम्युलेटरचं खास प्रशिक्षण बंधनकारक झालं. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये या विमानाला पुन्हा परवानगी मिळाली, तीही या अटीसह.

एप्रिल २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, एका भारतीय विमान कंपनीच्या ९० वैमानिकांना हे विमान उडवण्यापासून थांबवलं. कारण त्यांचं प्रशिक्षण ज्या सिम्युलेटरवर झालं, त्यातली दांडी थरथरवणारी यंत्रणा नीट चालत नव्हती. विमान हवेत तोल सोडण्याच्या बेतात असलं की हीच थरथर वैमानिकाला सावध करते. सगळ्यांना पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागलं आणि कंपनीला १० लाखांचा दंड झाला.

एक भाग बंद, तर ९० वैमानिकांना त्या विमानाची मनाई. सिम्युलेटर दुरुस्त करणाऱ्याची सही म्हणजे काय असतं, ते यावरून समजून घ्या.

यात कामं कोणती?

*१) सिम्युलेटर देखभाल तंत्रज्ञ किंवा अभियंता.* आपल्या पोरांसाठी सर्वांत जवळचं काम हेच. यंत्र महाग असल्यानं केंद्रं ते दिवसातले वीस-वीस तास चालवतात. दुरुस्तीला मिळते ती बहुधा रात्र किंवा पहाट. पहिली बॅच येण्याआधी तंत्रज्ञ आत बसून तपासणी करतो : दिवे, पडदे, आवाज, जॅक, आणीबाणीचं बटण. प्रशिक्षकानं नोंदवहीत लिहिलेला प्रत्येक बिघाड शोधून दुरुस्त करायचा आणि तशी नोंद करायची. याशिवाय यंत्र खऱ्या विमानासारखंच वागतंय ना, याच्या ठरलेल्या चाचण्या वर्षभर टप्प्याटप्प्यानं घ्याव्या लागतात. त्या कागदांवरच डीजीसीएची मान्यता टिकते.

*२) सॉफ्टवेअर आणि चित्र विभाग.* विमानतळांची चित्रं बनवणं, नवी धावपट्टी आली की ती भरणं, विमान कंपनीनं केलेले बदल यंत्रात घालणं. संगणकवाल्यांचं काम.

*३) प्रशिक्षक.* हे काम बहुतेक अनुभवी किंवा निवृत्त वैमानिक करतात. थेट बारावीनंतर इथं जाता येत नाही.

*४) विमान देखभाल प्रशिक्षण.* विमान दुरुस्त करणारे अभियंतेही आता संगणकावरच्या नकली विमानावर बिघाड शोधायला शिकतात. इंजिन चालू करून तपासण्याचा सरावही सिम्युलेटरवर होतो.

*५) वेळापत्रक, भांडार, केबिन क्रूचे सराव साचे.* दरवाजा उघडणं, घसरगुंडीवरून उतरणं याचेही नकली साचे असतात. तेही कुणीतरी सांभाळावे लागतात.

हे काम कुठं मिळतं?

मोठे सिम्युलेटर हिंगोली-नांदेडला नाहीत. ते दिल्लीजवळ गुरुग्राम आणि ग्रेटर नोएडा इथं, तसंच बंगळुरू, हैदराबाद आणि मुंबईत आहेत. आपल्याला त्यातल्या त्यात जवळ म्हणजे हैदराबाद. कॅनडातली सीएई ही या क्षेत्रातली जुनी कंपनी असून तिची केंद्रं भारतात आहेत. एअरबस आणि एअर इंडिया यांनी मिळून गुरुग्रामला १० सिम्युलेटरचं केंद्र उभारायचं २०२४ मध्ये जाहीर केलं. हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरसाठी एचएएल आणि सीएई यांची भागीदारी कंपनी बंगळुरूला आहे.

महाराष्ट्रात उड्डाण शिकवणाऱ्या संस्था बारामती, धुळे, गोंदिया आणि नागपूरला आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची योजना एअर इंडियानं २०२४ मध्ये जाहीर केली. अशा संस्थांत छोटी, न हलणारी सराव यंत्रं असतात. त्यांनाही इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस लागतो. नाशिक रोडला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे आणि ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचं काम चालतं.

शिक्षण कोणतं घ्यायचं?

महत्त्वाची गोष्ट आधी. सिम्युलेटर हे विमान नाही. त्यामुळं ते दुरुस्त करायला विमान देखभाल अभियंत्याचं लायसन्स लागतंच असं नाही. कंपन्या बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा डिप्लोमा, नाहीतर डिग्री बघतात.

दहावीनंतर हिंगोलीचं शासकीय तंत्रनिकेतन जवळ आहे. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड किंवा बारावी सायन्स केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन दोन्ही शाखा आहेत. फीसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, यांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण माफी २०२४-२५ पासून आहे. म्हणून मुलींनी तर हा रस्ता जरूर बघावा.

नुसत्या मार्कलिस्टवर काम होत नाही. मल्टीमीटर आणि ऑसिलोस्कोप हातात घेता आला पाहिजे. सर्किटचा नकाशा वाचता आला पाहिजे. नेटवर्किंग, लिनक्स आणि थोडं प्रोग्रामिंग यायला हवं. मोटार, प्रोजेक्टर, पॉवर सप्लाय उघडायची भीती नको. इंग्रजी बोलणं अडखळलं तरी चालतं, पण इंग्रजी मॅन्युअल वाचून समजलंच पाहिजे. तिथं अंदाजानं काम करायला परवानगी नाही.

ज्यांना थेट विमानच दुरुस्त करायचंय, त्यांनी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन डीजीसीए मान्य संस्थेत विमान देखभालीचा कोर्स करावा. त्यात बी-१ म्हणजे यंत्र-इंजिन आणि बी-२ म्हणजे विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स. बी-२ वाल्यांना पुढं सिम्युलेटरकडंही वळता येतं. हवाई दलात अग्निवीर वायू म्हणून चार वर्षं तांत्रिक वातावरणात राहून येणं, हाही एक पर्याय आहे.

आणि पायलटच व्हायचं असेल तर?

जरूर व्हावं, पण हिशेब करून. व्यावसायिक लायसन्ससाठी वय १८ पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वैद्यकीय चाचणी, डीजीसीएचे पेपर आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. या २०० तासांत सिम्युलेटरचा वाटा अगदी थोडा धरला जातो. खर्च साधारण ५० लाखांच्या आगेमागे आणि टाईप रेटिंगचे पैसे वेगळे.

५० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं १० वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला सुमारे ६६ हजार रुपये हप्ता येतो. लायसन्स हातात आलं म्हणजे दुसऱ्याच दिवशी नोकरी लागते असं नाही, पण हप्ता थांबत नाही. सोयाबीन-हळदीच्या भरवशावर हा हप्ता निघेल का, हे घरात बसून मोकळेपणानं बोला. पैसे भरण्याआधी वैद्यकीय चाचणी करून घ्या. डोळ्यांत किंवा कानांत दोष निघाला तर तेव्हाच कळलेलं बरं. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योतीनं नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

फसू नका

- "एअरपोर्टवर पक्की नोकरी, आधी डिपॉझिट भरा," असं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.
- उड्डाण शाळा असो की देखभाल संस्था, नाव डीजीसीएच्या वेबसाईटवरच्या मान्य यादीत आहे का ते आधी बघा. उड्डाण शाळांची श्रेणी लावायलाही डीजीसीएनं २०२५ पासून सुरुवात केली आहे.
- घरच्या कॉम्प्युटरवरच्या किंवा मॉलमधल्या सिम्युलेटरचे तास लायसन्सला धरले जात नाहीत.
- 'सिम्युलेटर कोर्स' नावाचं महागडं सर्टिफिकेट घेण्यापेक्षा शासकीय तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा कधीही भारी.

शेवटी एक खरी गोष्ट

सिम्युलेटर केंद्रं देशात मोजकीच आहेत, त्यामुळं जागाही मोजक्या आहेत. एकाच नोकरीवर डोळा ठेवून शिकू नका. पण इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन नीट शिकलेलं लेकरू कुठंच अडून राहत नाही. सिम्युलेटर नाही मिळालं तर रेल्वे सिग्नल आहे, हॉस्पिटलची यंत्रं आहेत, वीज केंद्र आहे, कारखाना आहे. शेत न विकता घेता येणारं हे शिक्षण आहे.

या उन्हाळ्यात तंत्रनिकेतनच्या प्रवेशाचा अर्ज भरताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आधीच काढून ठेवा. सेतू केंद्रात शेवटच्या आठवड्यात किती गर्दी असते, हे आपल्याला ठाऊकच आहे.