वर्णहीन साक्षी

नाशकांतील द्वारका चौकांत मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याचा रस्ता एकमेकांस मिळतात. तेथून आग्र्याच्या दिशेनें चांदवड, मालेगांव, धुळें करीत आणि पुढें पूर्वेस जळगांवाकडे वळून अजिंठ्यास जातां येतें. उन्हाळ्यांत हा सारा मुलूख करपून गेलेला असतो. शेवटीं वाघूर नदीच्या घोड्याच्या नालाप्रमाणें वळलेल्या दरींत उतरावें, तों समोर नुसता काळा कातळ आणि पांढरें ऊन! हातीं कॅमेरा असेल तर येथें कृष्णधवल चित्रच घ्यावेंसें वाटतें.

आपल्याला जी हौस, तेंच एका पुरुषाचें आयुष्य होऊन बसलें होतें. मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल यास १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमण्यांत आलें. वर्षानुवर्षें खपून त्यानें त्या मोठमोठ्या पटांवर तैलरंगांत उतरविल्या व विलायतेस पाठविल्या. लंडनजवळ सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसांत त्या मांडल्या असतां १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि बहुतेक नकला भस्मसात् झाल्या. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह नव्या नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ सालीं लंडनमध्येंच जळाल्या. रंगांच्या दैवीं दोनदां अग्नि आला.

परंतु गिलनें मध्यंतरीं छायाचित्रणाचीही कास धरली होती. त्यानें घेतलेलीं ७४ छायाचित्रें फर्ग्युसनच्या लेण्यांवरील ग्रंथांत १८६४ सालीं प्रसिद्ध झालीं, आणि तीं टिकलीं. या विद्येचा आपल्याकडील प्रसारही त्याच सुमाराचा. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु नारायण दाजी हे तिचे सभासद होते.

त्या काळीं ओल्या कांचेची रीत प्रचारांत होती. कांचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रवांत बुडवावयाची, आणि लेप ओला आहे तोंच चित्र घेऊन तें रसायनांनीं उठवावयाचें! अर्थात् अंधारखोलीही प्रवासांत बरोबर न्यावी लागे. शिवाय हा लेप निळ्या प्रकाशास तत्काळ वश होई. तांबडा व पिवळा त्यास जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें आकाश कोरें पांढरें उमटे, आणि गेरूनें रंगविलेली आकृति काळवंडून जाई. अजिंठ्याचा मुख्य अलंकार जो रंग, त्याविषयीं ही कांच मुकी होती; मात्र कातळ, स्तंभ, मूर्ति व दरीचें वळण यांविषयीं तिची साक्ष चोख होती.

इतिहासाच्या अभ्यासकानें यावरून एक बोध घ्यावा. बखरीस पराक्रम दिसतो, रयतेचा सारा दिसत नाहीं. हिशेबाच्या दप्तरास सारा दिसतो, रयतेचे हाल दिसत नाहींत. प्रत्येक साक्षीदार कोणत्या तरी रंगास आंधळा असतोच. तेवढ्यावरून त्याला खोटा ठरवूं नये. कोणत्या रंगास आंधळा, एवढें मात्र आधीं विचारून घ्यावें.

आपल्या घरच्या पेट्यांतही अशीं वर्णहीन चित्रें पडलेलीं असतात. त्यांतील माणसांना ओळखणारीं वडील मंडळी आहेत तोंवर प्रत्येकाच्या पाठीवर स्थळ व साल लिहून ठेवावें. चित्र टिकलें आणि नांव विसरलें, तर तीही एक आगच होय.